महागाचे टायर की स्वस्तातले? कोकणात राहून घेतलेला निर्णय

टायर बदलायचे ठरले तेव्हा घरात सरळ दोन पक्ष पडले. चुलतभावाची भाड्याची गाडी आहे. विजयदुर्ग, तारकर्ली, मोपाचा विमानतळ अशी ती वर्षभर पळत असते. तो म्हणाला, "तुका कित्याक व्हये महागाचे टायर? वर्साक गाडी चलता किती!" पुण्याहून मुलाचा फोन आला, "बाबा, टायरवर पैसे वाचवू नका, परदेशी कंपनीचेच घ्या." दोघंही माझ्या भल्यासाठीच बोलत होते, पण माझी गाडी कुठे आणि कशी चालते याचा हिशेब दोघांनीही केला नव्हता. तो मलाच करावा लागला.

मी देवगड तालुक्यात राहतो. शाळेतून निवृत्त होऊन काही वर्षं झाली. गाडी वर्षाला सात हजार किलोमीटरच्या आसपास चालते. बाजार, नातेवाईक, लग्नकार्य आणि बायकोच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी फोंडाघाट चढून कोल्हापूर. घरापासून डांबरी रस्त्यापर्यंतचा शेवटचा तुकडा सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून जातो. त्याच वाटेने चिरेखाणीचे, म्हणजे जांभ्या दगडाच्या खाणीचे ट्रक जातात, त्यामुळे कडेला चिऱ्यांचे धारदार तुकडे पडलेले असतात.

जुन्या टायरची नक्षी अजून बऱ्यापैकी होती. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की फक्त १.६ मिलिमीटर खोली उरली असं समजायचं, आणि तो टायर संपला. माझ्या टायरला ती वेळ यायला बराच अवकाश होता. आमच्याकडच्या भाषेत गोटा, म्हणजे नक्षी पुसून गुळगुळीत वगैरे काही झाला नव्हता. पण गणपतीच्या आधी, पावसात घाट उतरताना, एका वळणावर ब्रेक दाबला आणि गाडी थांबायच्या आधी हातभर सरकली. पुढे कोणी नव्हतं म्हणून निभावलं.

घरी येऊन टायरच्या बाजूवरचा आकडा वाचला. डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार अंक असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या टायरवर १८१९ होतं, म्हणजे २०१९ सालातला अठरावा आठवडा. बोटाने दाबून पाहिलं तर रबर कडक लागत होतं आणि साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूवर, केसासारख्या बारीक भेगा होत्या. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते, उन्हाळ्यात दुपारी तिथे उभं राहवत नाही. ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन यांनी रबर पिकत जातं, गाडी चालो न चालो. पिकलेलं रबर कोरड्या रस्त्यावर फारशी तक्रार करत नाही, पण ओल्यावर पकड सोडतं. आणि आमच्याकडे वर्षातले चार महिने रस्ता ओलाच असतो.

इथे माझा मुख्य हिशेब लागला. आमच्यासारख्यांचे टायर झिजून जात नाहीत, वयाने जातात. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्या आणि दिसायला चांगले असले तरी दहा वर्षांच्या पुढे वापरू नका, असं टायर कंपन्याच सांगतात. आमची हवा आणि घाट पाहता मी सहा वर्षांवर रेघ मारली. सहा वर्षांत मी फार तर बेचाळीस हजार किलोमीटर जाणार. मग लाखभर किलोमीटर टिकणारा टायर घेऊन मी काय करू? त्याला चौदा वर्षं लागतील. चुलतभावाची गाडी तेवढं अंतर दोन वर्षांत कापते, त्याचा टायर म्हातारा व्हायच्या आधीच झिजतो. त्याने टिकाऊ, आणि तेच स्वस्तातले, टायर घेणं अगदी बरोबर आहे. तो हिशेब मला मात्र लागू होत नाही.

दरम्यान एक वेगळीच भानगड उभी राहिली. ३ सप्टेंबर २०२५ला जीएसटी परिषदेचा निर्णय आला, की टायरवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर येणार, २२ सप्टेंबरपासून. ज्याला त्याला वाटलं, टायर दहा टक्क्यांनी स्वस्त होणार. तसं होत नाही. शंभराच्या मालाचे आधी एकशे अठ्ठावीस पडायचे, आता एकशे अठरा, म्हणजे ग्राहकाच्या हातातली किंमत पावणेआठ टक्क्यांच्या आसपास उतरते. तरी चार टायरचा विचार करता ती रक्कम सोडण्यासारखी नव्हती. तेवढे दिवस गाडी घाटात घालायची नाही असं ठरवलं आणि कोल्हापूरला एसटीने गेलो. बायकोला एसटी जास्त आवडली, ती गोष्ट निराळी.

कोल्हापुरात मोठ्या दुकानात टायरची भिंतच होती. तिथे तासभर नुसता आकडे वाचत उभा राहिलो. माझा आकार १८५/६५ आर १५. रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, आर म्हणजे रेडियल, रिम १५ इंची. पुढे ८८एच लिहिलेलं असतं. ८८ म्हणजे एक टायर ५६० किलो वजन पेलतो आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. माझी गाडी शंभराच्या वर जात नाही, त्यामुळे एच की त्याहून कमी वेगाचा टी यावर डोकं खपवलं नाही. वजनाचा आकडा मात्र गाडीच्या कंपनीने दिलेल्यापेक्षा कमी घ्यायचा नाही.

काही टायरवर ट्रेडवेअर, ट्रॅक्शन, टेम्परेचर असे तीन शब्दही होते. ट्रेडवेअरचा आकडा जितका मोठा तितका टायर जास्त टिकतो, पण ही चाचणी प्रत्येक कंपनी आपली आपण करते, म्हणून दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून फारसा अर्थ निघत नाही. ट्रॅक्शनला एए, ए, बी, सी अशा पायऱ्या असतात आणि ती ओल्या रस्त्यावर सरळ ब्रेक लावल्यावरची पकड असते. वळणावरची नाही. तरी मला हव्या असलेल्या गोष्टीच्या सर्वात जवळ जाणारं अक्षर तेच होतं.

टिकाऊपणा, ओल्यातली पकड आणि इंधनाची बचत या तिघांची एकमेकांशी ओढाताण असते. एकाला खूश करायला गेलं की दुसरा रुसतो. मिशेलिनने १९९२ साली सिलिका घातलेलं रबर आणलं, तेव्हापासून ही ओढाताण बरीच सैल झाली. सिलिकामुळे चाक फिरताना होणारा अडथळा कमी होऊन इंधन वाचतं आणि ओल्यातली पकडही राहते. महागाच्या टायरमध्ये आपण बराचसा पैसा या रबरासाठी आणि त्यामागच्या चाचण्यांसाठी देतो.

पण कंपनीच्या नावावरून टायर ओळखायला गेलं की गोंधळ होतो. एकाच कंपनीत दोन्ही स्वभावांचे टायर असतात. अपोलोचा अमेझर टिकण्यासाठी, अ‍ॅलनॅक पकडीसाठी आणि सुखद चालीसाठी. सीएटचा मायलेझ किलोमीटरसाठी, सिक्युराड्राइव्ह पकडीसाठी. ब्रिजस्टोनचा स्टर्डो आणि टुरान्झा यांच्यातही तोच फरक. परदेशी नाव म्हणजे बोटीतून आलेला माल, असंही नाही. ब्रिजस्टोनचा कारखाना चाकणला आहे, गुडइयरचा वाळूजला, मिशेलिनचा चेन्नईजवळ. जून २०२०पासून तर बाहेरून टायर आणायला सरकारी परवाना लागतो. हे मुलाला सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प होता.

किमती तेव्हा साधारण अशा होत्या: टिकाऊ वर्गातला टायर चार हजारांच्या आत, पकडीवाला देशी टायर पाच हजारांच्या आसपास, परदेशी नावाचा वरचा टायर साडेसहाच्या पुढे. कोल्हापुरात टायर दोन-अडीचशेने स्वस्त पडत होते, पण गाडी तिथे नेल्याशिवाय बसवणार कसे? म्हणून घरी परतलो आणि कणकवलीच्या दुकानात गेलो.

तिथे साडेसहा हजारवाला टायर तयार होता. मी आधी चार अंक पाहिले. २०२३चा मे महिना. दुकानदार खोटं बोलला नाही. म्हणाला, "गुरुजी, ह्यो टायर हय कोण घेता? एक जोडी मागवलंय ती तशीच पडान हा." स्वस्तातले टायर मात्र दोन-तीन महिन्यांपूर्वीचेच होते. भाड्याच्या गाड्यांमुळे तो माल सारखा फिरत असतो. छोट्या गावात महागाचा टायर घेताना सगळ्यात मोठी अडचण हीच आहे, आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही. नीट ठेवलेला न वापरलेला टायर दोन वर्षांनी निकामी होत नाही, हे खरं. पण मी तो सहा वर्षांनी फेकणार असेन, तर त्यातली दोन वर्षं दुकानातच गेली आणि पैसे मात्र पुरते मोजले.

दुसरा प्रश्न साइडवॉलचा. काही वरच्या टायरची बाजू मऊ ठेवलेली असते, त्याने खड्डे कमी जाणवतात. चिरेखाणीच्या वाटेवर तोच गुण महागात पडतो. रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीत खिळा गेला तर मशरूम, म्हणजे आतून लावायचं रबरी बूच, लावून काम भागतं. बाजूला चीर गेली की टायर बाद, दुरुस्ती नाही. पुण्याच्या रस्त्यावर मी कदाचित वेगळा निर्णय घेतला असता.

शेवटी अ‍ॅलनॅक मागवले. अट एकच घातली, टायर सहा महिन्यांच्या आतले हवेत आणि आकडा बघितल्याशिवाय बाकी पैसे देणार नाही. आठवड्याभरात आले. ते जुलैमधले होते.

दुकानदाराने दोनच पुढे घालून मागचे जुने ठेवायचाही पर्याय दिला. त्याला नाही म्हटलं. दोनच घ्यायचे झाले तरी नवे मागे घालावेत. पुढची चाकं सरकली तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी केला की बहुधा सावरते. मागची सरकली तर गाडी फिरते, आणि घाटात फिरायला जागा नसते. माझे तर चारही टायर एकाच वयाचे होते, वाटणीचा प्रश्नच नव्हता.

बसवताना वेळ गेला तो रिममध्ये. खाऱ्या हवेने लोखंडी रिमच्या कडेला गंजाचे पापुद्रे आले होते. ट्यूबलेस टायर त्याच कडेवर बसतो आणि तिथूनच हवा हळूहळू सुटते. पोऱ्याने तारेच्या ब्रशने चारही रिम घासले. रबरी व्हॉल्व्ह नवे घातले, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट केली. किनाऱ्यावर राहणाऱ्याने रिम घासून घेतल्याशिवाय टायर चढवू देऊ नये, मग तो कितीही महागाचा असो.

नव्या टायरच्या अंगावर साच्यातला तेलकटपणा असतो, तो पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये जातो. तेवढं सांभाळून चालवलं. त्या वर्षी पाऊस दिवाळीतही पडत राहिला, त्यामुळे ओल्या फोंडाघाटाची परीक्षाही लगेच झाली. त्याच उतारावर गाडी ब्रेक दाबल्या जागी थांबली. आवाज कमी झाला आहे. पेट्रोलमध्ये काही फरक मला तरी दिसला नाही.

राहता राहिली स्टेपनी. तीही २०१९चीच, जवळजवळ न वापरलेली, पण तिच्याही बाजूला भेगा दिसायला लागल्या होत्या. तिथे मात्र चुलतभावाचं ऐकलं आणि दुकानातला ताजा, स्वस्तातला, त्याच मापाचा टायर घातला. त्यावर घाट उतरायचा नाही, जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत पोचायचं.