शह, चेक आणि चौकड्यांचा शर्ट

सुट्टीत आमच्याकडे बुद्धिबळाचा पट मांडला, की आप्पा आणि माझा पुतण्या यांच्यात पहिल्या दहा-बारा खेळ्यांतच एका शब्दावरून खडाजंगी होते. पुतण्या घोडा टाकून ‘आजोबा, चेक!’ म्हणतो, आणि आप्पा राजा हलवण्याआधी चष्मा कपाळावर चढवून ‘चेक बँकेत भरतात रे, इथे शह म्हणायचे असते,’ असे त्याला बजावतात. मलाही आप्पांचेच म्हणणे बरोबर वाटत असे. पुढे एकदा या ‘चेक’चा माग काढायला बसलो, तेव्हा ध्यानात आले की आजोबा आणि नातू एकच शब्द उच्चारत होते, आणि आप्पांनी बँकेत धाडून दिलेला चेकसुद्धा त्याच घराण्यातला होता.

फारसीत ‘शाह’ म्हणजे राजा. प्राचीन फारसीतल्या ‘क्षायथिय’ या शब्दापासून तो झिजत झिजत इथवर आला, आणि त्याचा धातू आपल्या ‘क्षत्र’, ‘क्षत्रिय’ या शब्दांच्या धातूचा सख्खा भाऊ आहे. भारतातला चतुरंग इराणात ‘चतरंग’ झाला, अरबांकडे ‘शतरंज’ झाला. आणि प्रतिपक्षाच्या राजावर मारा होताच ‘शाह!’ असे म्हणून त्याला सावध करण्याची रीतही खेळाबरोबर पश्चिमेकडे गेली. मध्ययुगीन लॅटिनमध्ये त्या शब्दाचे रूप ‘स्काकस’ झाले, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’, आणि इंग्रजांनी आरंभीचा ‘ए’ गाळून त्याचा ‘चेक’ केला. ‘चेस’ हे खेळाचे नावदेखील त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनातून आलेले आहे. म्हणजे इंग्रज मनुष्य ज्याला चेस म्हणतो, तो मुळात ‘अनेक शाह’ खेळत असतो. मराठीने मात्र हा शब्द फारसीकडून थेट घेतला आणि पटावरून उचलून राजकारणात नेऊन बसवला. शह-काटशहाशिवाय आपल्या वृत्तपत्रांचे पान हलत नाही.

‘चेकमेट’मधला ‘मेट’ म्हणजे आपण संकटावर करतो तीच ‘मात’. तिच्या अर्थाबद्दल दोन मते आहेत: अरबीच्या अंगाने पाहिले तर राजा मेला, आणि फारसीच्या अंगाने पाहिले तर राजा निरुपाय झाला. मला दुसरे मत अधिक पटते, कारण बुद्धिबळात राजा कधीच मारला जात नाही. तो जागच्या जागी अडकतो आणि डाव तिथेच संपतो.

शह बसला की आपले सगळे बेत बाजूला ठेवावे लागतात. त्यावरून इंग्रजीत ‘चेक’ म्हणजे अडवणे, आवर घालणे असा अर्थ रूढ झाला. ओढ्याचे पाणी अडवणारा चेकडॅम याच अर्थाचा. आवर घालायचा तर लक्ष ठेवावे लागते, आणि लक्ष ठेवायचे तर तपासून पाहावे लागते. अशा पायऱ्या उतरत शब्द तपासणीपर्यंत पोचला. मराठीने जास्त आपलासा केला तो हाच अर्थ. आपण गॅस बंद आहे का ते चेक करतो, रेल्वेत तिकीट चेकर येतो, आणि मुलुंडचा चेकनाका तर जकात 2017 मध्ये बंद झाली तरी बसच्या कंडक्टरच्या तोंडी शाबूत आहे. तिथे आता कोणी कोणाला अडवत नाही, वाहतुकीची कोंडी सोडली तर.

या शब्दाची मला सर्वांत आवडणारी शाखा मात्र हिशेबाची आहे. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा वसूल तपासण्यासाठी जे दफ्तर बसे, त्याच्या मेजावर रेघांनी आखलेले काळे कापड अंथरलेले असे. दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने या दफ्तराच्या कामकाजाचे जे वर्णन लिहून ठेवले आहे, त्यात मेजाची लांबी सुमारे दहा फूट आणि रुंदी पाच फूट दिली आहे. कापडावरच्या रकान्यांत पेनी, शिलिंग, पौंड, वीस पौंड, शंभर, हजार अशा क्रमाने नाणी मांडून बेरीज-वजाबाकी करीत. रोमन आकड्यांत शून्य नसल्यामुळे कागदावर हिशेब करणे महाकठीण होते. कापडावर ती अडचण नव्हती, कारण रिकामा रकाना आपोआपच शून्याचे काम करी. हे कापड बुद्धिबळाच्या पटासारखे दिसे, म्हणून त्या दफ्तराला ‘एक्सचेकर’ हे नाव पडले. फिट्झनीलने साम्य त्याहूनही पुढे नेले आहे. त्याच्या मते पटावर जशी दोन राजांची लढाई जुंपते, तशी इथे खजिनदार आणि वसूल घेऊन आलेला शेरीफ यांची जुंपते. ज्याने कधी लेखापरीक्षकासमोर बसून व्हाउचरे जुळवली आहेत, त्याला ही उपमा निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही एक्सचेकरचा चान्सलर म्हणवतो, आणि माझ्या कपाटातला चौकड्यांचा शर्टही त्याच पटावरून आपले ‘चेक्स’ हे नाव घेऊन आला आहे.

आता आप्पांचा बँकेतला चेक. अठराव्या शतकाच्या आरंभी ‘चेक’ म्हणजे पैसे देण्याचा प्रत्यक्ष हुकूम नसून तो फाडून दिल्यावर मागे राहणारे त्याचे अर्धुक, म्हणजे काउंटरफॉइल होते. कोणी रकमेत फेरफार केला, तर या अर्धुकाशी ताडून लबाडी पकडता येई. थोडक्यात, ते लबाडीला दिलेला शह होते. पुढे नाव अर्धुकावरून सरकून फाडून द्यायच्या कागदाला चिकटले. ब्रिटिशांनी एक्सचेकरच्या वळणावर त्याचे स्पेलिंग निराळे (cheque) केले, आणि आपल्याकडच्या चेक-हुंड्यांसंबंधीच्या 1881 च्या परक्राम्य संलेख अधिनियमातही इंग्रजी स्पेलिंग तेच आले. अमेरिकेने मात्र एकच स्पेलिंग (check) सर्व अर्थांना पुरवले. तिथे हॉटेलात जेवण झाल्यावर वेटर आणून देतो तो चेक, त्याचे पैसे चुकवायला लिहावा तोही चेक, आणि उत्तर बरोबर असल्याची खूण तीही चेकच. देवनागरीत स्पेलिंगचा हा सवतासुभा आपोआप मिटला. आपण सगळेच ‘चेक’ लिहितो आणि संदर्भावरून समजून घेतो. ‘धनादेश’ हा शब्द नेटका आहे, पण धनादेश बाउन्स झाल्याचे मी कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही. बाउन्स होतो तो चेक.

हे सर्व मी मोठ्या उत्साहाने पटाशेजारी बसून सांगितले. आप्पांनी ‘म्हणजे शहच खरा’ असा निकाल दिला. पुतण्याने डोके वर न करता सांगितले, की स्पर्धेत चेकही म्हणायचा नसतो आणि शहही. नियमाने ते बंधनकारक नाही, खेळी करायची, घड्याळ दाबायचे आणि गप्प बसायचे. मग त्याने उंट तिरका सरकवला आणि गप्प बसला. आप्पांना आपल्या राजाला शह बसल्याचे दोन मिनिटे कळलेच नाही.