बोहारणीचं गाठोडं

बोहारणीला द्यायचं म्हणून बांधलेलं गाठोडं आज सासूबाईंनी परत सोडलं आणि माझा रविवार तिथेच संपला. "सिंथेटिक दे तिला खुशाल. सुती एकही जायचं नाही." का, तर गोधडीत नायलॉनचे थर एकमेकांवरून सरकतात, शिवाय घाम टिपत नाहीत.

नऊवारी लुगड्याचे तीन तुकडे केले की प्रत्येक तीन वारांचा, म्हणजे पावणेतीन मीटर. एकावर एक अंथरायचे, कडा दुमडायच्या आणि धावदोरा सुरू. टाके काठापासून आत, चौकोनात चौकोन घेत मध्यापर्यंत. तळहाताने थर सारखे करत राहावं लागतं, नाहीतर एखादी चुणी टाक्यात अडकते आणि मग ती कायमची. सासूबाई चष्मा न लावता हे करतात. मी चष्मा लावूनही सुईत दोरा ओवायला लेकाला हाक मारते.

माझ्या वाट्याला जुनी जीन्स आली. तिची पिशवी मशीनवर झाली, पण जिथे चार-चार पदर एकत्र येतात तिथे साधी सुई मोडते, 16 नंबरची लागते. पायाचा खालचा भाग आयताच नळीसारखा, त्यामुळे बाजूच्या शिवणी वाचतात. प्रदर्शनात अशा पिशवीला 'अपसायकल्ड' म्हणून काय किंमत लावतात ते सांगितलं, तर सासूबाई हसतच सुटल्या. "मग माझ्या गोधडीचे किती गं?"

अर्धी गोधडी अजून दिवाणावर पसरलेली आहे, त्यामुळे बसायला जागा नाही. उद्या बोहरी आळीत कोणी जाणार असेल तर जाड सुती दोऱ्याचं एक रीळ आणा. लाल. पांढरा घरात आहे, पण तो त्यांना पसंत नाही.