आपटबार ते स्मृतिपटल

दुपारची जेवणं उरकली की आत्या पेपरातलं शब्दकोडं सोडवते आणि ते संपलं की स्वतःचं सुरू करते. लागून येणारी दोन अक्षरं ती देणार, वर अर्थ सांगणार. ती दोन अक्षरं पोटात असलेला पाच अक्षरी शब्द आपण ओळखायचा. जोडाक्षर एकच मोजायचं. दिलेल्या जोडीला काना-मात्रा चालत नाही, त्यामुळे ‘पट’ आलं की ‘पाटबंधारे’ बाद. या खेळाला ती पंचाक्षरी म्हणते. त्या शब्दात अक्षरं चारच, आणि कोकणात पंचाक्षरी म्हणजे भूत उतरवणारा, पण हे तिला सांगून उपयोग नाही.

परवा ‘पट’चीच पाळी होती.

“काडी न लावता वाजतो.” आपटबार. हा सोपाच. पांढऱ्या पातळ कागदाची शेंगदाण्याएवढी पुरचुंडी, वरचं टोक पिळलेलं, आत बारीक खडी आणि त्या खडीला सिल्व्हर फल्मिनेटचा नाममात्र हात. जमिनीवर आदळला की खडीचे कण एकमेकांवर घासतात आणि फट्! दिवाळीत बॉम्बला घाबरणाऱ्या मुलांच्या हाती हाच देतात, आणि तीच मुलं मग येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाशी नेम धरतात.

“लाटावी लागत नाही अशी पोळी.” लेक लगेच ओरडली, “चापटपोळी!” धम्मकलाडू आणि चापटपोळी, हा जोडीचा बेत मराठी घरांत अभ्यास न करणाऱ्यांसाठी पिढ्यान् पिढ्या ठरलेला. मारालासुद्धा खाऊची नावं देणाऱ्या आपल्या भाषेचं मला कौतुक वाटतं. मार खाणाऱ्याला तेव्हा ते वाटत नसणार, हा भाग वेगळा.

मग लटपटणे आलं, सरपटणे आलं. सरपटणे म्हटलं की शाळेतले सरपटणारे प्राणी आठवतात, आणि माझ्या पिढीला 1 फेब्रुवारी 1981 चा तो मेलबर्नचा चेंडूही. न्यूझीलंडला बरोबरी साधायला शेवटच्या चेंडूवर षटकार हवा होता आणि ट्रेव्हर चॅपेलनं चेंडू जमिनीवरून सरपटत सोडला. फरपटणे सुचलं तेव्हा मात्र वाद झाला, कारण मी आयुष्यभर फरफटणेच म्हणत आलो आहे. आत्यानं निकाल दिला, “फरपट झालेल्याला प की फ हे विचारायला वेळ नसतो.” शब्द तिच्या खात्यात जमा.

“आगापिछा नाही, बोलावलं नाही, तरी मध्ये लुडबुड.” उपटसुंभ! हा माझा लाडका शब्द. सुंभ म्हणजे काथ्याची दोरी, जळली तरी पीळ न सोडणारी तीच. शिवी म्हणावी तर सौम्य, पण ज्याला बसते त्याला नेमकी बसते. हल्ली कुणी वापरत नाही. उपटसुंभ मात्र पैशाला पासरी.

इथवर सगळं आपटाआपटीचं चाललं होतं. या पटमध्ये कुणी पडतं, कुणी मारतं, कुणी ओढत नेतं. मग आत्यानं एकदम सूर बदलला. “मनाचा फळा.” स्मृतिपटल. त्यापाठोपाठ दृष्टिपटल, मेघपटल, जीवनपट, चरित्रपट, माहितीपट अशी सोवळ्यातली रांगच लागली. हे संस्कृतातून आलेलं घराणं. तिथे पट म्हणजे वस्त्र आणि पटल म्हणजे आवरण, आवाज कसला म्हणून नाही. हे शब्द सत्कार समारंभात भेटतात. आपटबार अंगणात भेटतो. मला विचाराल तर मी अंगणात जास्त रमतो. ‘स्मृतिपटलावर कोरलं गेलं’ असं कुणी म्हणालं की पुढची पाच मिनिटं ऐकली नाहीत तरी चालतं.

दोन्ही घराण्यांची गाठ एकाच ठिकाणी पडते, ती कानात. कर्णपटल, म्हणजे कानाचा पडदा, जेमतेम एक दशांश मिलिमीटर जाडीचा असतो. कानशिलावर जोरात बसलेल्या चापटपोळीनं तो खरंच फाटू शकतो. हे मी सांगितलं तेव्हा लेकीनं आईकडे अर्थपूर्ण नजरेनं पाहिलं.

हजेरीपट हा याच सोवळ्या घराण्यातला, पण सरकारी नोकरीत लागलेला. 2011 च्या ऑक्टोबरात राज्यभर शाळांची पटपडताळणी झाली, तेव्हा पटावर आहेत पण वर्गात नाहीत अशी कितीतरी मुलं निघाली. पटपडताळणीत अक्षरं सात, त्यामुळे आमच्याकडे बाद. लटपटपंचीही सहा अक्षरांमुळे गेली, पोपटपंची राहिली. एकूण घोकंपट्टीवाले नियमात बसतात आणि लटपटे निसटतात, हे व्यवहाराला धरूनच झालं.

चटपटीत ‘टी’च्या वेलांटीपायी बाद, तरी त्या शब्दावर आत्या हळहळली. तिच्या तरुणपणी मुलगी चटपटीत असायची, आता वेफर्सचं पाकीट असतं. हिंदीतल्या चटपटानं त्याला खाण्याच्या गाडीवर नेऊन बसवलं. पटकावणेचं बरं आहे, त्याची दोन्हीकडे ऊठबस. खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीला कांस्यपदक पटकावलं, आणि एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागाही पटकावलीच जाते. दोन्हींत झटापट आहेच.

शेवटी गाडी नावांवर घसरली. लेक म्हणाली, “पटवर्धन!” आत्या म्हणाली, “विशेषनामं नाहीत.” मी सांगली, मिरज, जमखंडी ही सगळी पटवर्धनांची संस्थानं काढली, नियमाच्या एवढ्या तोफा असताना ऐकतंय कोण. हिवरे बाजारचं रूप पालटणारे, 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झालेले पोपटराव पवार पुढे केले, तर म्हणाली, “माणूस मोठा, पण नाव ते नावच.”

“मग आता उलटं, ‘टप’ घेऊया का गं आजी?”

“घे की. पण लटपटणे दोन्हीकडे बसतं, ते मी आधीच सांगितलंय. परत मोजायचं नाही.”