रोल संपत आला की टोकं उचलायची

आमच्या लाइनवर प्लास्टिकच्या एका कव्हरला मागून डबल साइड फोम टेप लागते. 12 मिमी रुंद, 1.1 मिमी जाड, अॅक्रिलिक फोमची. चार बाजूंना चार पट्ट्या लावायच्या, वरचा लायनर, म्हणजे चिकट बाजू झाकणारा संरक्षक थर, काढायचा आणि कव्हर रंगवलेल्या पत्र्याच्या चौकटीवर दाबायचं. स्क्रू नाही, रिव्हेट नाही, सगळी भिस्त टेपवर. हे काम हाताने होत होतं तोवर कव्हर सुटल्याची तक्रार आली नव्हती. मग ते मशीनवर न्यायचं ठरलं, जबाबदारी माझ्याकडे आली, आणि तिसऱ्याच दिवशी पट्ट्यांची टोकं उचलायला लागली.

पहिला संशय पृष्ठभागावर गेला. टेप धरते ती चिकटद्रव्य पृष्ठभागावर नीट पसरलं तरच. मेणावर पाणी पसरत नाही, थेंब होऊन बसतं. तसंच पॉलिप्रोपिलीनसारख्या प्लास्टिकवर टेपचं होतं. त्याची पृष्ठऊर्जा, म्हणजे द्रव स्वतःवर पसरू देण्याची क्षमता, 30 डाइन प्रति सेंमीच्या आसपास असते, आणि प्रायमरचा लेप किंवा प्लाझ्माची प्रक्रिया केल्याशिवाय साधी अॅक्रिलिक टेप तिथे टिकत नाही. आमचं कव्हर एबीएस या प्लास्टिकचं, म्हणजे त्या मानाने सोपं. तरी डाइन पेनने, म्हणजे ठरावीक डाइनच्या शाईच्या पेनने, तपासलं. 38 ची शाईची रेघ फुटली नाही, सलग राहिली. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन सगळी कव्हरं पुसून घेतली. दुसऱ्या दिवशी टोकं पुन्हा वर.

मग त्याच रोलमधून, त्याच लॉटच्या कव्हरांवर, दहा कव्हरांना हाताने टेप लावून ठेवली. एकही टोक हललं नाही. टेप चांगली होती, कव्हर चांगलं होतं. दोष मशीनमध्ये, म्हणजे मी बसवलेल्या व्यवस्थेत होता.

तो नेमका कुठे आहे हे मला दाखवलं आमच्या ऑपरेटर ताईंनी. कित्येक वर्षं हे काम त्यांनी हाताने केलेलं. रिजेक्ट कव्हर उजेडात तिरकं धरून त्या म्हणाल्या, "सर, हा लायनर बघा." लायनरवर बारीक बारीक आडव्या लाटा उठल्या होत्या, मधेमधे तो टेपपासून सुटून बोगद्यासारखा फुगला होता. "ही टेप ताणून लावलीये. मी हाताने लावताना रोल कधीच ओढत नाही. आधी हातभर मोकळी करून घेते, मग नुसती ठेवत जाते."

त्यांचं म्हणणं मोजून बघायचं ठरवलं. मशीनने कापलेली 300 मिमीची पट्टी कव्हरवर न लावता चिकट बाजू खाली करून सिलिकॉनच्या रिलीज कागदावर ठेवली, म्हणजे ती मोकळेपणाने सरकू शकेल. दोन्ही टोकांशी पेन्सिलने रेघ मारली. शेजारी हाताने मोकळी करून कापलेली तेवढीच पट्टी. तासाभराने हातची पट्टी रेघेवर होती. मशीनची दोन्ही टोकांकडून आत सरकली होती. फूटपट्टीने मोजली तर 296 भरली. चार मिलिमीटर! कव्हरवर हीच पट्टी चिकटलेली असते, तिला आत यायला वाव नसतो. मग ती रात्रंदिवस स्वतःच्याच टोकांना ओढत राहते, आणि टोकं शेवटी सुटतात. लायनर फोमइतका ताणलेला नसतो, म्हणून फोम आखडला की त्याच्यावर लाटा उठतात.

ताण येत कुठून होता हे रजिस्टर उघडल्यावर कळलं. आमच्या एका रोलमध्ये जेमतेम 70 कव्हरं होतात. रोल बदलल्याच्या नोंदी आणि रिजेक्शनच्या नोंदी शेजारी ठेवल्या, तर जवळजवळ सगळी खराब कव्हरं रोलच्या शेवटच्या 15-20 मधली. इतके दिवस आम्ही रिजेक्शन शिफ्टनुसार मोजत होतो, म्हणून हे कुणाच्या नजरेला आलंच नाही. रोलच्या शाफ्टवर ब्रेक होता, एकाच जोराने घट्ट केलेला. भरलेला रोल 320 मिमी व्यासाचा. संपत आला की 100 च्या घरात. ब्रेक तोच आणि त्रिज्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी, म्हणजे टेपवरचा ताण तिपटीच्या वर. ब्रेक सैल केला तर भरलेला रोल गरागरा फिरून टेप जमिनीवर. असा मधला मार्ग दोन दिवस शोधत बसलो, तो नव्हताच.

शेवटी ताईंची पद्धतच मशीनला दिली. रोल मोटरने फिरवायला घेतला आणि त्याच्यापुढे डान्सर बसवला, म्हणजे वरखाली होणारा हलका रोलर. तो वर गेला की मोटर टेप सोडते, खाली आला की थांबते. त्यापुढे फीड रोलर, आणि फीड रोलर ते हेड (कव्हरवर टेप ठेवणारा मशीनचा भाग) या मधल्या टप्प्यात टेपचा एक छोटा मोकळा झोल. हेड आता टेप ओढत नाही, आयती मिळालेली टेप ठेवतं.

हे जमल्यावर दोन आठवडे शांत गेले, आणि मग एका सकाळी पट्ट्या बोटाने ढकलल्या तरी निघू लागल्या. हे दुखणं वेगळं होतं. ब्लेडला फोमचा डिंक चिकटून काप ओढला जात होता, म्हणून रात्रपाळीत कुणीतरी ब्लेडवर सिलिकॉन स्प्रे मारला होता. हेतू चांगलाच. पण लायनर टेपवरून सहज सुटावा म्हणून त्याला जे लावतात ते सिलिकॉनच. ब्लेडवरून ते रोलरवर गेलं, रोलरवरून कव्हरांवर. लाइन पूर्ण थांबवून एकेक रोलर पुसला, ब्लेड बदललं. सिलिकॉनचा डबा आता त्या हॉलमध्ये येत नाही. ब्लेड ठरावीक कापांनंतर अल्कोहोलने पुसतो आणि टेपला लागणारे रोलर न चिकटणाऱ्या लेपाचे घेतले.

बाकीच्या गोष्टी त्या मानाने लवकर सुटल्या. लायनर सोलताना स्थिर वीज तयार होते आणि सोललेला लायनर त्याला पकडणाऱ्या ग्रिपरलाच चिकटून बसतो, तिथे ही वीज घालवणारा आयोनायझर लावला. लायनर न काढता कव्हर पुढे जाऊ नये म्हणून लाल लायनरची टेप मागवली. सेन्सरला लाल दिसलं की स्टेशन थांबतं. रोलमधला जोड हेडखाली येण्याआधी पकडायला वेगळा सेन्सर लागला.

वेळेचा मुद्दा मात्र मला वरिष्ठांपुढे नेटाने मांडावा लागला. खोलीच्या तापमानाला अॅक्रिलिक फोम टेप वीस मिनिटांत साधारण निम्मी ताकद घेते, 24 तासांत 90 टक्के, पूर्ण ताकदीला 72 तास. आणि आम्ही कव्हर दाबल्यावर पाच मिनिटांत त्याला कंपनचाचणीवर चढवत होतो! सायकल टाइम, म्हणजे एका कव्हरमागे लाइनवर लागणारा वेळ, वाढेल म्हणून विरोध झाला. पण सायकल टाइम वाढत नाही, मधे उभा राहतो तो फक्त माल. एक रॅक ठेवला, कव्हरं तिथे थांबतात आणि मग चाचणीला जातात. थंडीत रोल आदल्या संध्याकाळीच स्टोअरमधून हॉलमध्ये आणून ठेवतो, कारण गार टेप पृष्ठभागावर पसरत नाही.

रिलीज कागदाची ती पाटी अजून मशीनशेजारी आहे. रोल संपत आला की ताई शेवटच्या पाच मीटरमधली एक पट्टी तिच्यावर ठेवतात, रेघा मारतात, तासाभराने मोजून आकडा लिहितात. आज सकाळचा आकडा 300 होता.