आधी डोळ्यातली चमक, मग कावळा

रिडक्शन लिनोकट, म्हणजे लिनोलियमचा मऊ तुकडा कोरून थराथराने छापायचं रंगीत चित्र, करायचं ठरलं तेव्हा विषय चटकन सुचला: कावळा. अंगाने काळा, शेवटचा रंगही काळाच, म्हणजे काम सोपं. हा अंदाज साफ चुकला.

या पद्धतीत सगळे रंग लिनोच्या एकाच तुकड्यावरून छापतात. कागद जिथे पांढरा राहायला हवा तेवढं आधी कोरायचं, फिका रंग सगळ्या कागदांवर छापायचा, मग त्याच तुकड्यात आणखी कोरून त्यावर गडद रंग. कोरलेलं परत येत नाही. पिकासोने 1950 च्या दशकाच्या शेवटी असेच लिनोकट केले. तो धीर कुठून आणायचा, ते मात्र कोणी शिकवत नाही.

पहिल्या तुकड्यावर मी बारीक व्ही कोरणीने एकेक पीस कोरत बसलो. दोन संध्याकाळी गेल्या. काळ्या शाईत चाचणी ठसा काढला, तर कावळ्याच्या अंगावर माशाचे खवले! शिवाय आराखडा उलटा करून उतरवायचा विसरलो होतो, त्यामुळे स्वारीने तोंडही फिरवलेलं.

मग पिकासोचं 1949 चं कबुतर नीट पाहिलं. ते लिथोग्राफ आहे, म्हणजे कोरून नव्हे, तर दगडावर किंवा पत्र्यावर चित्र काढून घेतलेला ठसा. त्यात पिसं रेघेने काढलेलीच नाहीत. पातळ केलेली शाई जशी पसरली नि वाळली, तीच पिसं झाली. फ्रेंच चित्रकार ब्राकचे पक्षी तर जवळजवळ नुसत्या सावल्या. दुसऱ्या तुकड्यावर मी पंखात फक्त आठ काप घेतले.

खरी गंमत डोळ्याची. त्यातला पांढरा ठिपका अगदी पहिल्या फेरीत कोरावा लागतो, कावळ्याचा पत्ताही नसताना. कागद घेतले 12. आधी पिवळसर, मग राखाडी, प्रत्येक थर वाळेपर्यंत थांबायचं. काळ्याच्या वेळी काही कागद मिलिमीटरभर सरकले. तेवढ्याने अर्धा ठिपका काळ्याखाली गेला, शेजारी राखाडी कड उघडी पडली आणि कावळा पेंगुळलेला दिसू लागला.

धड निघाले 5. त्यांच्यावर पेन्सिलीने 1/5 पासून 5/5 पर्यंत आकडे घातले. भिंतीवर लावलाय तो पेंगुळलेल्यांपैकीच एक. एका मित्राला सहावा हवाय, पण लिनोवर आता फक्त काळा भाग उरलाय.