पानांच्या कोपऱ्यांवरचा मळ

जुन्या पुस्तकांच्या जतनाचे काम करताना मालकाच्या आयुष्यात डोकावायचे नाही, हा दंडक मी बरीच वर्षे पाळत आलो होतो. नित्यपाठाच्या एका पुस्तकाने तो मोडायला लावला.

पुस्तक घेऊन आलेले गृहस्थ चाळिशीचे होते. त्यांची आजी वयाच्या ९३व्या वर्षी गेली. हे पुस्तक तिच्या हाती १६व्या वर्षी आले होते आणि डोळ्यांनी साथ दिली तोवर तिने पाठाचा एक दिवसही खाडा केला नव्हता. "शिवण उसवली आहे ती बांधून द्या आणि पाने धुऊन द्या, फार मळली आहेत," एवढीच त्यांची मागणी होती.

मागणी गैर नव्हती. लाकडाच्या लगद्याच्या कागदात आम्ल साठत जाते, त्याने सेल्युलोजचे धागे तुटतात आणि घडी घातली की पान मोडते. अशा कागदातले आम्ल पाण्याने बऱ्याच अंशी निघते. पण धुण्याआधी शाई तपासावी लागते. शेवटच्या कोऱ्या पानांवर हाताने काही लिहिलेले होते. तिथे एका अक्षराच्या टोकावर पाण्याचा थेंब ठेवून टीपकागद दाबला, तर निळा ठिपका लगेच उमटून आला. म्हणजे निदान ती पाने पाण्यात घालता येणार नव्हती.

मग ती वाचणे भागच पडले. मुलांची, नातवंडांची, पतवंडांची नावे होती आणि प्रत्येकापुढे जन्मतारीख व वेळ. आरंभीचे अक्षर टाकाचे, बारीक आणि वळणदार, पुढे बॉलपेन, आणि अखेरच्या तीन नावांची अक्षरे एवढी मोठी की एक नाव दोन ओळींत मावलेले, त्यातही शेवटचा काना कागदाबाहेर गेलेला. दृष्टी किती उरली होती, हे त्या कान्यावरून कळत होते.

त्यानंतर मी पुस्तक भिंगाखाली पान-पान पाहिले. कॅथरिन रूडी या संशोधिकेने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मला ठाऊक होता. मध्ययुगीन हस्तलिखित प्रार्थनाग्रंथांच्या कोपऱ्यांवरचा मळ तिने डेन्सिटोमीटरने, म्हणजे काळेपणा मोजणाऱ्या उपकरणाने, मोजला आणि कोणती प्रार्थना अधिक वाचली गेली हे त्यावरून ताडले. साथीच्या रोगापासून रक्षण मागणारी पाने त्यात विशेष मळलेली निघाली होती. माझ्याकडे ते उपकरण नाही, पण इथे त्याची गरजही नव्हती. रोजच्या पाठाच्या पानांवर अंगठ्याची फिकट तपकिरी छाया होती. पण १४०व्या पानाचा खालचा कोपरा जवळजवळ काळा पडून तेलकट झाला होता, आणि कागद तिथे इतका झिजला होता की मागची अक्षरे दिसत होती. ती आठ ओळींची, प्रवासाला निघालेल्यांच्या क्षेमासाठीची प्रार्थना होती.

मी फोन करून विचारले, तेव्हा ते म्हणाले, "काहीतरी गल्लत होते आहे. आजी कधी कुठे गेलीच नाही." थोड्या वेळाने त्यांनीच फोन केला. "आम्ही सगळेच गेलो. शिकायला, नोकरीला. कुणी निघाले की पोहोचल्याचा निरोप येईपर्यंत ती पुस्तक घेऊन बसायची. आम्हाला वाटायचे, रोजचाच पाठ चालला आहे."

धुवायचे की नाही, हे त्यांनी माझ्यावर सोपवले. मी पाणी टाळले. आम्ल उतरवण्यासाठी मॅग्नेशियम ऑक्साइडचा फवारा वापरला, सुटी धूळ मऊ ब्रशने झटकली, १४०व्या पानाच्या कोपऱ्याला पाठीमागून गव्हाच्या खळीने पातळ जपानी कागद लावला. ही खळी ओलावा दिला की सुटते, त्यामुळे पुढे कुणाला माझे काम चुकीचे वाटले, तर ते काढून टाकता येईल. शिवण जुन्याच भोकांतून घातली.

पुस्तक न्यायला आले तेव्हा त्यांनी पांढरे हातमोजे मागितले. चित्रपटांमुळे सगळेच मागतात. हातमोज्यांत बोटांना कागदाचा अंदाज येत नाही आणि पान फाटते, म्हणून हात धुऊन कोरडे करा, तेवढे पुरे, असे मी सांगितले. त्यांनी उभ्यानेच १४०वे पान उघडले आणि आठ ओळी मनात वाचल्या.

प्रत्येक पुस्तकाबरोबर आम्ही कामाची नोंद देतो. त्यात 'हानी' या रकान्यात मी आधी लिहिलेले 'कोपऱ्यांवर मळ' हे शब्द खोडले आणि 'वापराच्या खुणा' या रकान्यात लिहिले: पृष्ठ १४०, राखून ठेवले.