अमाल्फी, लिंबांपलीकडचं

इटलीतल्या अमाल्फीला लोक लिंबं आणि निळं पाणी बघायला जातात. माझी नोकरी सागरी विम्याच्या क्लेम खात्यातली, मी गेले ती एका कायद्यापायी. "सुट्टीतही तुझं ऑफिस सुटत नाही," असं नवऱ्याने ऐकवलंच.

वादळात जहाज वाचवायला माल समुद्रात टाकावा लागला, तर ते नुकसान एकट्या व्यापाऱ्याच्या माथी मारायचं नाही. ज्यांचं वाचलं त्या सगळ्यांनी ते वाटून घ्यायचं. आम्ही याला जनरल ॲव्हरेज म्हणतो आणि त्यावरून पक्षकार आजही वर्षानुवर्षं भांडतात. कल्पना अमाल्फीहून कितीतरी जुनी, पण या गावाच्या 'ताबुला'त, म्हणजे मध्ययुगीन सागरी कायद्याच्या संहितेत, तिचे नियम आहेत. एकूण ६६ कलमं, २१ लॅटिनमध्ये, बाकीची इटालियन बोलीत. हस्तलिखित व्हिएन्नाला जाऊन पडलं होतं, ते १९२९ साली परत आलं. मला त्यातली 'कोलोन्ना'ची पद्धत फार आवडते. जहाजमालक, व्यापारी आणि खलाशी, तिघेही सफरीच्या नफ्यात वाटेकरी! आजच्या खलाशांना सांगून बघा, हसतील.

एवढंसं गाव व्हेनिस-जेनोआसारख्या सागरी सत्तांच्या पंगतीला कसं बसलं, हे सालेर्नोहून बोटीने येताना कळतं. पाठीशी उभा डोंगर, शेत नांगरायला जागा नाही. मग समुद्राशिवाय करणार काय? लाकूड आणि धान्य उत्तर आफ्रिकेला, तिथलं सोनं घेऊन बायझंटाइन बंदरांत, येताना रेशीम. कॅथेड्रलच्या ६२ पायऱ्या चढून (गुडघ्यांनी निषेध नोंदवला) वर गेलं की अकराव्या शतकातली काशाची दारं दिसतात. कॉन्स्टँटिनोपलमध्ये ओतलेली, पांतालेओने नावाच्या इथल्याच धनिकाने दिलेली.

पिसाच्या आरमाराने ११३५ आणि ११३७ मध्ये गाव लुटलं. उरलंसुरलं १३४३च्या नोव्हेंबरात समुद्राने नेलं, खालचा भाग बंदरासकट बुडाला. गलबतं बांधायची जागा, म्हणजे आर्सेनाल, तेव्हापासून अर्धीच आहे. कमानींचे दोन उंच दगडी बोळ समुद्राच्या दिशेने जातात आणि मध्येच थांबतात. मी तिथे बराच वेळ काढला, नवरा तोवर लिमोनचेल्लो, म्हणजे लिंबाची दारू, चाखून आला.

बंदराजवळ फ्लाव्हिओ जोयाचा पुतळा आहे. होकायंत्र याने शोधलं म्हणे. इतिहासकारांच्या मते हा गृहस्थ बहुधा झालाच नाही. पण गावाने चौथरा बांधून दिलाय, आणि पर्यटक त्याच्यासोबत फोटो काढतात. आमचाही आहे.